जसे आहे, तसे आधी सांगा

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य
मा. पोलीस आयुक्त, ठाणे शहर
जप्त वाहने लिलावात काढणाऱ्या सर्व बँका, वित्त कंपन्या आणि त्यांच्या वतीने लिलाव चालवणाऱ्या संस्था

विषय : लिलावातील वाहनाचा पूर्वेतिहास आणि इंजिनाची खरी अवस्था बोलीआधी जाहीर करण्याबाबत.

महोदय,

लिलावात विकल्या जाणाऱ्या गाडीचे इंजिन कशामुळे वाजते, हे बहुतेक वेळा कोणाला तरी ठाऊक असते. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने ते लिहून ठेवलेले असते, आधीच्या मालकाने सोसलेले असते, तात्पुरती डागडुजी करणाऱ्याने स्वतःच्या हाताने हाताळलेले असते. ठाऊक नसते ते बोली लावणाऱ्याला, आणि पैसे तोच मोजतो. हे बदलावे एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात असे इंजिन गळ्यात पडलेली माणसे अनेक आहेत. त्यांतला एक माझ्या बहिणीचा मुलगा आहे, म्हणून त्याचीच हकीकत आधी सांगते.

तो बदलापूर पूर्वेला राहतो. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून कपाटे, पलंग, सोफे गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायचे काम तो दुसऱ्याच्या टेम्पोवर करत असे. स्वतःची गाडी झाली तर भाड्यातले चार पैसे हातात राहतील म्हणून त्याने एका वित्त कंपनीने हप्ते थकल्यामुळे ओढून आणलेला लहान डिझेल टेम्पो ऑनलाइन लिलावात घेतला. अनामत भरली, पाहणीच्या दिवशी यार्डात गेला. बॅटरी उतरलेली होती. इंजिन चालू करून दाखवायची इथे पद्धत नाही, असे यार्डातल्या माणसाने सांगितले. टायर, पत्रा, हौदा आणि चासी नंबर एवढेच पाहता आले. कागद स्वच्छ होते. बोली लागली, पैसे भरले, गाडी सुटली. यार्डाबाहेर दुसरी बॅटरी लावून स्टार्ट केली आणि पहिल्याच मिनिटात खालच्या बाजूने ठकठक सुरू झाली. रिकाम्या गाडीत बारीक, माल भरून चढ लागला की मोठी.

मिस्त्र्यांची मते वेगवेगळी पडली. कोणी टॅपेट म्हणाले, कोणी इंजेक्टर. एकाने जाड ऑईल टाकायला सांगितले. जाड ऑईलने असा आवाज खरोखर दबतो, आणि विकण्याआधी ते टाकले जाते ते त्यासाठीच. शेवटी उल्हासनगर कॅम्प नंबर चारमधल्या एका जुन्या मिस्त्रीने लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक चालू इंजिनाला टेकवले, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि हेडपासून चेंबरपर्यंत जागा बदलत ऐकत गेला. "वरचं काही नाही. खालून आहे. रॉड वाजतोय," तो म्हणाला. हेड काढल्यावर त्याने क्रँक हाताने फिरवला. दोन सिलिंडरांपैकी एकाचा पिस्टन कडेपर्यंत आला, दुसरा किंचित खाली थांबला. नख फिरवले तर लागेल एवढाच फरक. दोन्ही कनेक्टिंग रॉड बाहेर काढून त्याने काचेवर शेजारी शेजारी ठेवले. एक काचेला टेकला, दुसऱ्याच्या खाली फट दिसत होती. मग त्याने सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढला. एरवी रिळात गुंडाळलेल्या त्याच्या शेवटच्या वितीवर वाळलेल्या गाळाचा पिवळट थर होता.

गाडी पाण्यात बुडाली होती.

आपल्यापैकी जे यंत्रांशी संबंध नसलेल्या खुर्चीत आहेत त्यांच्यासाठी हे थोडे उलगडून सांगते, कारण सगळी मागणी यावरच उभी आहे. पाण्यात गाडी बंद पडते, हवेच्या वाटेने सिलिंडरात पाणी शिरते, आणि घाबरलेला चालक पुन्हा चावी मारतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. वर निघालेला पिस्टन मध्येच अडतो आणि फिरत्या क्रँकचा सगळा जोर मधल्या रॉडवर येऊन तो वाकतो. डिझेल इंजिनात पिस्टनच्या वर उरणारी जागा पेट्रोलपेक्षा पुष्कळ कमी असते, त्यामुळे थोडे पाणीही पुरते. पुढे इंजिन सुकवतात, ऑईल बदलतात, ते चालू होते. वाकलेल्या रॉडवर ते महिनोन्महिने चालूही शकते. नंतर केव्हातरी रॉड तुटतो आणि ब्लॉक फोडून बाहेर येतो. ही वेळ शिळफाट्याच्या रहदारीत येईल की माळशेजच्या चढावर भरल्या गाडीत येईल, हे कोणाच्या हातात नसते. त्या आवाजाबद्दल गप्प राहणे म्हणजे रस्त्यावरच्या माणसांच्या जिवाशी खेळणे आहे. हा प्रश्न खरेदीदाराच्या नफ्यातोट्यापुरता नाही.

पुराचे पाणी आमच्या भागाला नवे नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला ती बातमी देशभर गेली, पण त्याच दिवशी उल्हास नदीने बदलापूर, कल्याणचे काय केले ते इथल्या लोकांना वेगळे सांगावे लागत नाही. २०१९ च्या जुलैत, पुन्हा २६-२७ तारखेलाच, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. २०२१ च्या जुलैत नदी पुन्हा घरांत आली. बदलापूरला उल्हासची धोक्याची पातळी १७.५० मीटर आहे, आणि पावसाळ्यात हा आकडा हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवली भागातल्या लोकांच्या तोंडी असतो. माणसे वरच्या मजल्यावर जातात. गाड्या खालीच राहतात.

मग सर्व्हेअर येतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विम्यातल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी टोटल लॉस धरली जाते, मालकाला पैसे मिळतात आणि बुडालेली गाडी भंगार म्हणून लिलावात जाते. इथपर्यंत कोणाचे काही चुकले असे मी म्हणत नाही. फाळणीनंतर निर्वासित होऊन आलेल्या सिंधी कुटुंबांनी लष्करी छावणीच्या बराकींत संसार थाटून हे उल्हासनगर उभे केले. मोडलेली वस्तू पुन्हा चालती करण्यावर इथल्या हजारो घरांची चूल पेटते. बुडालेली गाडी नीट उघडून, रॉड-बेअरिंग बदलून, वायरिंग नवे करून रस्त्यावर आली तर तिला माझा अजिबात विरोध नाही. अशा गाड्या सरसकट तोडाव्यात, असा उपाय कोणी सुचवला तर मी त्याच्या विरुद्ध उभी राहीन. गरिबाला परवडणारी गाडी त्याच वाटेने येते. माझी तक्रार आहे ती गाडीबरोबर तिची हकीकत पुढे जात नाही याबद्दल.

आमच्या टेम्पोचे असे झाले. डॅशबोर्डच्या खणात जुन्या सर्व्हिसिंगची एक पावती सापडली, तिच्यावर फोन नंबर होता. पहिल्या मालकाने लपवाछपवी न करता सांगितले की पुरात गाडी बुडाली, विमा कंपनीने टोटल लॉस करून पैसे दिले आणि गाडी नेली. ती भंगाराच्या लिलावात कोणीतरी घेतली, वरवर चालू करून दुसऱ्याला विकली. दुसऱ्याने तिच्यावर कर्ज काढले, इंजिन त्रास देऊ लागले, धंदा बसला, हप्ते थकले आणि गाडी पुन्हा लिलावात आली. म्हणजे एकाच वाकलेल्या रॉडने आधी एक कर्जदार बुडवला आणि मग तोच रॉड आमच्या मुलाच्या पदरात घातला. कर्ज देणाऱ्या कंपनीलाही तो इतिहास कळला असता तर तिचे पैसे वाचले असते.

मा. अध्यक्ष महोदय, विमा कंपन्या आपल्या अखत्यारीत येतात म्हणून पहिली मागणी आपल्याकडे. टोटल लॉसचे पैसे दिले त्या दिवशी कंपनीने चासी नंबर, कारण आणि तारीख 'वाहन' प्रणालीला कळवली पाहिजे, आणि ती नोंद झाल्याशिवाय भंगार म्हणून गाडी पुढे देता कामा नये. एवढेच करून भागणार नाही. साध्या पॉलिसीत, पाणी शिरल्यावर चावी मारल्याने झालेले इंजिनाचे नुकसान सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचे वेगळे पैसे भरावे लागतात. ज्याने ते भरलेले नसतात त्याचा इंजिनाचा दावा फेटाळला जातो, आणि दुरुस्ती परवडत नाही म्हणून तोच मालक गाडी जुजबी चालू करून विकतो. ही गाडी टोटल लॉसच्या यादीत कधीच येत नाही. सर्व्हेअरच्या अहवालात मात्र ती असते. म्हणून पुरामुळे आलेला प्रत्येक दावा, मंजूर असो की नामंजूर, नोंदवला गेला पाहिजे. माहिती गोळा करायची यंत्रणा नवी उभारायची गरज नाही. देशातल्या विम्याची माहिती एकत्र करण्यासाठी इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरो २००९ पासून आहे, आणि तोही आपल्याच पुढाकाराने झाला.

२००५ च्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेत कतरिना चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवले आणि बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून दुसऱ्या राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. तिथे २००९ पासून विमा कंपन्यांना आणि भंगार यार्डांना अशा गाड्यांची माहिती दरमहा राष्ट्रीय नोंदीत द्यावी लागते, आणि विकत घेणारा थोडक्या पैशांत ती पाहू शकतो. ब्रिटनमध्ये टोटल लॉस गाड्यांची वर्गवारी आहे. कोणती फक्त तोडायची आणि कोणती दुरुस्त करून चालवता येईल, हे तिच्यावरून कळते. आमच्याकडे पूर कतरिनाच्याच वर्षी आला होता.

मा. परिवहन आयुक्त, आमचा टेम्पो कल्याण आरटीओच्या हद्दीतला, पण प्रश्न राज्याचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत कळवून आरसी परत करायची असते. दुरुस्त होऊ शकणारी बुडालेली गाडी या कलमात बसत नाही. तिची आरसी जिवंत राहते आणि तिच्यावर एक अक्षर उमटत नाही. एम-परिवहन ॲपवर मला बोजा दिसतो, विम्याची मुदत दिसते, पीयूसी दिसते, ही गाडी छपरापर्यंत पाण्यात होती ते दिसत नाही. फिटनेसमध्ये हे पकडले जाईल असे म्हणाल तर तिथे ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, धूर पाहतात. रॉड पाहणे त्या तपासणीत येतच नाही, आणि त्यासाठी मी तिथल्या निरीक्षकांना दोष देत नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना अधिकारपत्र घ्यावे लागते, गाडी ताब्यात आली की ऑनलाइन कळवावे लागते, ती कुठे आणि कशासाठी फिरवली याची नोंद ठेवावी लागते. ही चांगली सुरुवात आहे. त्याच नोंदीत गाडी बुडाली होती का, इंजिन उघडले होते का, कोणते भाग बदलले, हे तीन रकाने वाढवावेत आणि आरसीच्या ऑनलाइन उताऱ्यात ते प्रत्येकाला दिसावेत. केंद्राचा नियम बदलावा लागत असेल तर महाराष्ट्राने तसा प्रस्ताव पाठवावा. पुरात गाड्या बुडणाऱ्या राज्यांत आपण पुढे आहोत.

आता बँका, वित्त कंपन्या आणि लिलाव चालवणाऱ्यांना. आमच्या तक्रारीला आलेले उत्तर एका ओळीचे होते. विक्री 'जसे आहे जेथे आहे' या तत्त्वावर झाली आहे, तरी तक्रार विचारात घेता येत नाही. वकिलांकडे गेलो. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा चंडीगडच्या भूखंडांबाबतचा निकाल समोर ठेवला. सार्वजनिक लिलावात आहे त्या स्थितीत जागा घेणारा ग्राहक ठरत नाही, असे त्यात म्हटले आहे. जागेचा निकाल गाडीला लागू करावा का, यावर वाद घालता येईल, पण टेम्पो चालवून पोट भरणाऱ्याने तो वाद किती वर्षे घालायचा?

त्यांनी दुसरी एक गोष्ट दाखवली ती मी आपल्यासाठी मुद्दाम लिहिते. १८७२ च्या करार कायद्यात कलम १७ खाली उदाहरणे दिली आहेत आणि त्यांतले पहिलेच लिलावाचे आहे. एक माणूस घोडा लिलावात विकतो. घोड्यात खोट आहे हे त्याला माहीत असते, तो बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. आपली सगळी 'जसे आहे'ची कलमे या घोड्यावर बसून आली आहेत. पण घोड्याचे दात पाहता येत, त्याला चार पावले चालवून लंगडतो का ते बघता येई. आपण तर इंजिन चालूच करू देत नाही. आणि त्याच कलमाखाली, एक उदाहरण सोडले की, तोच घोडा पुन्हा येतो. घेणारा म्हणतो की तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा निर्दोष समजेन, विकणारा गप्प राहतो, आणि तेव्हा ते मौन बोलण्याइतकेच धरले जाते. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यानेही विचारणाऱ्याला उत्तराचा हक्क दिला होता. आपल्या पोर्टलवर प्रश्न विचारायची जागाच नाही. ती द्या. बोली लावण्याआधी प्रश्न लिहिता यावा, आपले उत्तर सगळ्या बोलीदारांना दिसावे आणि ते विक्रीच्या कागदांना जोडले जावे.

इंजिन चालू करा. बॅटरी उतरली असेल तर दुसरी लावा. यार्डात शेकडो गाड्या उभ्या असतात, एक बॅटरी सगळ्यांना पुरते. गार इंजिन पहिल्यांदा स्टार्ट केल्यापासून काही मिनिटांचा आवाजासकट व्हिडिओ काढा, रेस देऊन आणि न देता, आणि तो फोटोंसोबत पोर्टलवर ठेवा. ऑईलच्या गेजचा जवळून फोटो द्या. त्यावर दुधाळ, चहाच्या रंगाचे ऑईल दिसले तर जाणता माणूस काय ते समजेल. इंजिन चालू होत नसेल तर 'चालू होत नाही' असे स्पष्ट लिहा. त्या हिशेबाने बोली लावणारेही इथे आहेत, ते इंजिन कामासकट भाव धरतील. पाहणीच्या दिवशी गिऱ्हाइकाच्या मिस्त्रीला बॉनेट उघडू द्या, क्रँक हाताने फिरवू द्या.

लिलावात भाव कमी असतो तो याच जोखमीमुळे, असे आपली माणसे सांगतात. आमच्या लिलावात भाव कमी नव्हता. सगळेच अंदाजाने बोली लावत होते, म्हणून तो बाजारभावाजवळ गेला होता. खोट उघड असती तर तो खाली आला असता, आणि नेमका तो फरक आमच्या खिशातून गेला. रिझर्व्ह बँकेने वित्त कंपन्यांसाठी घालून दिलेल्या न्याय्य व्यवहाराच्या नियमांत गाडी ओढून नेण्याआधीची नोटीस, कर्जदाराला शेवटची संधी, विक्रीची पद्धत हे सारे करारात लिहायला सांगितले आहे. ते कर्जदाराच्या रक्षणासाठी आहे आणि योग्यच आहे. तीच काळजी लिलावात घेणाऱ्याची घ्यायला आपल्याला कोणी मनाई केलेली नाही.

मा. पोलीस आयुक्त, आपल्याकडून लिलावात निघणाऱ्या गाड्यांच्या इंजिनाचा आवाज वेगळ्या कारणाचा असतो. ठाण्यांच्या आवारात जप्त आणि बेवारस गाड्या वेलींनी वेढून जातात. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले होते की अशा गाड्या ठाण्यात सडत ठेवू नयेत. आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेनेही त्यासाठी मुदती घालून दिल्या आहेत. वर्षे उभ्या राहिलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींना गंज धरतो, बेअरिंगवरचे ऑईल उतरते, आणि लिलावात घेतलेल्याने उत्साहाने सेल्फ मारला की कोरडे धातू धातूवर घासतात. गाडी कोणत्या तारखेपासून बंद उभी आहे, ती तारीख लिलावाच्या नोटिशीत छापावी. एवढी एक तारीख मिळाली तर जाणता मिस्त्री आधी सिलिंडरात ऑईल सोडेल, क्रँक हाताने फिरवेल आणि इंजिन वाचेल.

आमच्या टेम्पोचे काम आता झाले आहे. नवे रॉड, नवी बेअरिंग, पिस्टन-रिंग, हेडचे काम आणि अर्धे वायरिंग, हे सगळे कर्ज काढून. पावत्या जपून ठेवल्या आहेत. पुढेमागे मोठी गाडी घ्यायची झाली तर हा टेम्पो तो विकेल, आणि घेणाऱ्याला सगळे सांगूनच विकायचा, असे त्याने मला आताच बजावले आहे. पण त्यापुढच्या घेणाऱ्याला कोण सांगणार? गाडी पुरात बुडाली होती आणि इंजिन नव्याने बांधले आहे, ही नोंद मालक स्वतःहून, पावत्यांसह आरसीवर करायला तयार आहे. अशा नोंदीसाठी कोणता फॉर्म भरायचा आणि तो कोणत्या खिडकीवर द्यायचा, हे आपल्यापैकी कोणीही लेखी कळवावे.

आपली,
अंबरनाथ (पूर्व) येथील एक रहिवासी